बारा गाड्या आणि पाच ओढणारे

खानदेशात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा यात्रांना रंग चढतो. गहू-हरभरा घरात आलेला असतो, कपाशीच्या पऱ्हाट्या बांधाला लागलेल्या असतात, शेत मोकळं आणि माणूसही मोकळा. पाचोऱ्यापासून जामनेर, जळगाव, भुसावळपर्यंतच्या पट्ट्यात चैत्र-वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागंपुढं, गावोगाव एकच बोलवा असतो: बारागाड्या कधी? कुठं त्या मरीमातेच्या असतात, कुठं भवानीच्या, कुठं खंडेरावाच्या. देव बदलतो, गाड्यांची संख्या सहसा बदलत नाही.

गाड्या सकाळपासूनच रस्त्यावर ओळीनं लागतात. बैल सोडलेले, जू उतरवलेलं, मागच्या गाडीची दांडी पुढच्या गाडीला दोरखंडानं आवळलेली. कुणीतरी जाणता माणूस वाकून एकेका आसाला वंगण घालत पुढं सरकतो. दुपार कलली की साट्यांवर पोरं जागा धरायला लागतात. नवसाचं लेकरू आधी, मग त्याचे भाऊ, मग भावांचे मित्र. गाडी भरली तरी कठड्यावर, दांडीवर, चाकाच्या अगदी जवळ पाय सोडून बसायला आणखी चौघं तयारच असतात. मग भगत येतो. अंगाला हळद, डोक्याला फेटा, कित्येक दिवसांचा उपास. त्याच्या दोन्ही अंगांना बगले, म्हणजे त्याला धरून चालणारे, सावरणारे दोघे. देवीचं दर्शन, गाड्यांना प्रदक्षिणा आणि मग दोर. डफ वाजत असतो, हल्ली डीजेही. दोर ताणला जातो, पहिली गाडी हिसका खाते, तो हिसका दुसरीला, दुसरीचा तिसरीला, असा एकामागं एक बारावीपर्यंत पोचतो. शेवटच्या गाडीतली पोरं मागं कलंडतात आणि तेव्हाच अख्खा गाव ओरडतो. पुढची धाव काही मिनिटांत आटपते. त्यानंतर गोडीशेव, जिलबी, पाळणे आणि रात्री तमाशा.

या काही मिनिटांत एक जुना प्रश्न दडलेला आहे. गाड्या ओढल्या कुणी?

भगताचं उत्तर ठरलेलं असतं. मी नाही, देव ओढतो. यात ढोंग असतंच असं नाही. भगत बहुधा पुरोहित नसतो. तो शेतकरी असतो, मजूर असतो, वर्षभर त्याला कुणी नमस्कार करत नाही. त्या एका संध्याकाळी गाव त्याच्या पाया पडतो आणि तो सगळं श्रेय देवीच्या पदरात टाकून मोकळा होतो. ही नम्रता आहे. पण तिच्यात एक अडचण आहे, तिच्याकडे पुढं यायचंच आहे.

विवेकवाद्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: यात चमत्कार काही नाही. ते हिशेब मांडतात आणि हिशेब बरोबर आहे. एका गाडीचं वजन ३०० किलो धरा, तिच्यात प्रत्येकी ५० किलोची बारा माणसं. म्हणजे गाडी ९०० किलोची आणि बारा गाड्या जवळपास ११ टनांच्या. ऐकायला अफाट वाटतं. पण चाकावरचं वजन उचलायचं नसतं, फक्त गडगडवायचं असतं. बऱ्या रस्त्यावर चाकाचा विरोध वजनाच्या तीन टक्के धरला तर लागणारा जोर सव्वातीनशे किलोचा. तोही एकट्याच्या आवाक्याबाहेरचाच. पण गाड्यांच्या दोन्ही बाजूंनी धावणारी, हात लावणारी तीसेक पोरं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा-अकरा किलो येतात. रस्त्याला शंभर फुटांत तीन फुटांचा उतार असला तर तेवढेही येत नाहीत. एकदा हलल्या की गाड्या आपल्याआपण चालतात आणि मग भगताला ओढण्यापेक्षा त्यांच्या पुढं राहण्याचीच काळजी जास्त. पाचोऱ्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. मुंबई-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन; २०२०पर्यंत जामनेरला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या ‘पीजे’ गाडीनं इथल्या कित्येक पिढ्यांना दाखवलंय, की एवढंसं इंजिन डब्यांची माळ घेऊन ५६ किलोमीटर कसं जातं.

इतकं सांगून विवेकवादी थांबतो आणि भाविक चिडतो. दोघांचंही थोडं चुकतं. भाविकाला उतार ठाऊक नसतो असं नाही. उतार कुठून सुरू होतो, गाड्या कुठं उभ्या करायच्या, हे पिढ्यान्‌पिढ्या त्यानंच ठरवलेलं असतं. आसाला वंगण घालणारा हात आणि देवीला जोडलेला हात एकाच माणसाचा असतो. त्याला दोन्हींत विसंगती दिसत नाही. म्हणून ‘हे वंगणामुळं झालं’ असं त्याला सांगणं म्हणजे त्याचीच गोष्ट त्याला नव्यानं ऐकवणं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावानं फसवणूक आणि दहशत त्यानं गुन्हा ठरवली, पण यात्रा, प्रदक्षिणा, परिक्रमा यांना हात लावला नाही. कायदा करणाऱ्यांनी दाखवलेला हा शहाणपणा अनेक वादविवादांत दिसत नाही.

खरा प्रश्न चमत्काराचा नाहीच. तो कर्तेपणाचा आहे. एखादी गोष्ट घडते तेव्हा ती ‘केली’ असं कुणाला म्हणायचं? श्रेय कुणाकडं जातं आणि दोष कुणाकडं?

त्याआधी या उत्सवातली गंमतही पाहायला हवी, कारण तीही अर्थाशिवाय नाही. वसंतात माणसानं रस्त्यावर उतरून जगाची घडी थोडी विस्कटावी, ही हौस सगळीकडं आहे. पणजीत कार्निव्हलचे चित्ररथ निघतात आणि किंग मोमो चार दिवस मजा करण्याचा हुकूम सोडतो. शिगम्यात त्याच गोव्यात रोमटामेळ आणि चित्ररथांनी रस्ते भरतात. रशियन अभ्यासक मिखाईल बाख्तीन यानं १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या राब्लेवरच्या ग्रंथात मांडलं, की अशा सणांत वरचा खाली येतो, खालचा वर जातो आणि जग काही काळ उलटं होतं. बारागाड्यांत हे उलटेपण फार ठसठशीत आहे. बैल सोडलेला आणि माणूस जुंपलेला. ज्या गाडीनं वर्षभर शेणखत, कडबा, कापूस वाहिला, तिच्यात त्या दिवशी माणसं बसतात. खानदेशात सालदाराचं वर्ष बहुतेक ठिकाणी आखाजीला संपतं आणि नवं साल ठरतं. म्हणजे दुसऱ्याचं ओझं वर्षभर ओढणाऱ्या माणसाचा हिशेब ज्या दिवसांत होतो, त्याच दिवसांत एक साधा माणूस गावाचं ओझं देवासाठी ओढून दाखवतो आणि त्यासाठी पूजला जातो. हे योगायोगानं झालं की कुणी जाणून जुळवलं, यात शिरायला नको. पण मजूर म्हणून ओढलं तर ते ओझं आणि भगत म्हणून ओढलं तर मान, एवढा फरक या दिवसांत पडतो खरा.

या फरकावर खानदेशातच एक मोठं चिंतन झालेलं आहे, तेही तुरुंगात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून अशा अठरा रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. म्हणून ‘गीता प्रवचने’ आज हातात आहे. त्यात विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांची सोपी फोड केली. बाहेरचं काम म्हणजे कर्म. त्याला आतून मनाची जोड मिळाली की ती विकर्म. दोन्ही एकत्र आली की जे उरतं ते अकर्म. काम होत असतं, पण त्याचा भार वाटत नाही. ही फोड हातात घेऊन भगताकडं पाहिलं की त्याचं ‘मी ओढत नाही’ हे वाक्य निराळं ऐकू येतं. तो भौतिकशास्त्राबद्दल काही दावा करत नसतो. भार वाटला नाही, एवढंच तो सांगत असतो आणि त्याच्यापुरतं ते खरं असू शकतं.

पण भार न वाटणं वेगळं आणि जबाबदारी नसणं वेगळं.

अडचण इथं आहे. बारागाड्यांत चाकाखाली पाय गेला, गाडी उलटली, माणूस दगावला, अशा बातम्या खानदेशातल्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. उतारावर अकरा टनांची माळ धावायला लागली की तिला थांबवायचं कसं, याची सोय परंपरेत फारशी नाही. गाड्या जिथं थांबायच्या तिथं आपोआप थांबतात. म्हणजे बहुतेक वेळा. ज्या वर्षी थांबत नाहीत, त्या वर्षी कर्ता कोण? गाड्या सुखरूप पोचल्या की देवीनं ओढल्या आणि पोरगं चाकाखाली आलं की त्याचं नशीब, त्याची चूक, किंवा भगताच्या सोवळ्यात काहीतरी उणं राहिलं असेल. श्रेय देवीचं आणि दोष मात्र चाकाखालच्याचा किंवा उपास मोडल्याचा संशय ज्याच्यावर आहे त्याचा, असा हा हिशेब. गाड्या कुणी जोडल्या, किती माणसं चढू दिली, दोर कुणी तपासले, हे विचारणारा नास्तिक ठरतो. कर्तेपण देवावर सोपवण्यातली नम्रता इथं येऊन सोयीची होते.

गीता मात्र इतकी सोयीची नाही. अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. भाष्यकार अधिष्ठानाचा अर्थ देह असा करतात. बारागाड्यांपुरता तो सरळ पायाखालची जमीन असा घेतला तरी बिघडत नाही. मग यादी आपसूक भरत जाते. अधिष्ठान म्हणजे उतार. कर्ता म्हणजे भगत. करण म्हणजे चाक, आस, दोरखंड आणि वंगण. चेष्टा म्हणजे बगल्यांचा आधार आणि बाजूनं लोटणाऱ्या पोरांचे हात. राहिलं ते दैव. पाचातलं एक, तेही यादीत शेवटचं. पुढंच गीता म्हणते, की ही पाच असताना केवळ आपणच कर्ता असं जो मानतो तो दुर्मती. हा शब्द अहंकारी माणसासाठी आहे. पण पहिली चार कारणं पुसून सगळं पाचव्याच्या नावावर चढवणारा त्याच्यापेक्षा फार वेगळा नाही. गीतेनं हे असं म्हटलेलं नाही. तिच्या हिशेबातून मात्र निघतं.

कुणी म्हणेल, वेदान्ताच्या शेवटच्या पायरीवर कर्ता असा कुणी नसतोच. ती पायरीही खानदेशाला परकी नाही. पाचोऱ्यापासून फार लांब नसलेल्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. साने गुरुजी अमळनेरला आधी या मंदिरात आले आणि मग तिथल्या शाळेत शिक्षक झाले. तिथंच मलकानी, रासविहारी दास आणि मूर्ती या तिघांनी मिळून १९३३ साली ‘अज्ञान’ या एकाच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. अद्वैताच्या मते ‘मी करतो’ हे वाटणं हीच अज्ञानाची करामत. अमळनेरच्याच बोरी नदीच्या पात्रात वैशाखात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते आणि मोहिनी एकादशीला महाराजांचा रथ गावातून निघतो. एकाच गावात कर्तेपण भ्रम आहे असं सिद्ध करणारी माणसं आणि रथाच्या दोराला घाम गाळणारी माणसं. दोघांची गाठ पडून वाद झाला असता तर मजा आली असती. अर्थात आत्मा अकर्ता असला तरी रथ वळवताना कुणाचं तरी मनगट दुखतंच, आणि ते दुखणं व्यवहारात खरंच असतं, हे अद्वैतीही नाकारत नाही.

रथाच्या दोराला कुणाचा हात लागतो, हा प्रश्न किती पेटू शकतो हे नाशिकनं पाहिलं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. महिनाभरानं, चैत्रातल्या रथाच्या दिवशी, ९ एप्रिलला, तडजोड ठरली: स्पृश्य आणि अस्पृश्य, दोघांतले निवडक धट्टेकट्टे गडी मिळून रामाचा रथ ओढतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपली माणसं घेऊन मंदिराच्या दाराशी आले. त्यांचे हात दोराला लागण्याआधीच समोरच्यांनी रथ पळवला आणि पोलिसांचा पहारा असलेल्या अरुंद बोळात घातला. पहारा फोडून आत घुसलेला कद्रेकर नावाचा तरुण रक्तबंबाळ होऊन पडला. दगडांचा वर्षाव झाला, बाबासाहेबांवर छत्र्या धरून सहकाऱ्यांनी त्यांना वाचवायचा प्रयत्न केला, तरी त्यांना लागलंच. सत्याग्रह पुढं कित्येक वर्षं चालला आणि दार उघडलं नाही.

त्या दिवशी रथ घेऊन पळालेल्यांना ‘देवच ओढतो’ असं खरोखर वाटत असतं तर दोरावर कुणाचाही हात असता तरी काय बिघडलं असतं? ते पळाले, कारण ओढणारे हात माणसांचे असतात आणि त्या हातांवर मालकी सांगता येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कर्तेपण देवाला देण्याची भाषा आणि दोर मुठीत ठेवण्याची हुशारी एकाच वेळी नांदू शकतात. साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसले, तेव्हा त्यांनी ही गाठ दुसऱ्या टोकानं सोडवली. देवाची इच्छा काय, असं त्यांनी बडव्यांना विचारलं नाही. आपण काय करणार ते सांगितलं आणि केलं. दहा दिवसांनी उपोषण सुटलं.

आता रथ आणि बारागाड्या यांच्यातला एक फरक. जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी १८७२ साली ही परंपरा सुरू केली. त्याआधीचे दिवस राम रोज निराळ्या वहनावर बसून फिरतो. एक दिवस हत्ती, एक दिवस सिंह, एक दिवस शेषनाग. भिलपुऱ्यात लालशहा बाबांच्या दर्ग्याशी रथ थांबतो आणि तिथं फुलांची चादर वाहिली जाते. या सगळ्या थाटामाटात सर्वांत कमी दिसणारा माणूस म्हणजे मोगरीवाला. लाकडी पाचर घेऊन तो चाकाच्या अगदी पुढ्यात वावरत असतो. रथ वळवायचा तर एका चाकाखाली मोगरी, थांबवायचा तर दोन्हींखाली. दोर ओढणाऱ्या शेकडोंना रथ दिसतही नाही, त्यांचं तोंड पुढं. मोगरीवाल्याची नजर एका चाकावर खिळलेली. चुकला तर पहिला हात त्याचाच जाणार. त्याच्या असण्यानं रथाचं देवत्व कमी झालं, असं जळगावात कधी कुणी म्हटलेलं नाही. देव चालवतो हे मान्य आणि देव थांबवेल यावर विसंबायचं नाही हेही मान्य. दीडशे वर्षं या दोन गोष्टी एकाच रथावर चालत आल्या आहेत.

बारागाड्यांत मोगरी नाही, पण बगले आहेत. परंपरेनंच भगताच्या दोन्ही बाजूंना माणसं दिली आहेत आणि बगला होणं हा मानही मानला जातो. ज्याच्या अंगात देवी आहे त्यालाही ठेच लागू शकते, हे गावानं आधीच कबूल करून ठेवलंय. म्हणून ‘सुरक्षेचे नियम म्हणजे श्रद्धेवर घाला’ ही ओरड टिकत नाही. नियम रूढीतच आहेत. फक्त ते भगतापाशी संपतात, बाराव्या गाडीतल्या नवसाच्या पोरापर्यंत पोचत नाहीत.

ते पोचवायचे तर दैवाला बाजूला सारावं लागत नाही, उरलेल्या चौघांकडं नीट पाहावं लागतं. उतार मोजता येतो. गाडीत किती माणसं, हे यात्रा समितीला ठरवता येतं, चाकापाशी पाय सोडून बसणाऱ्याला खाली उतरवता येतं. दोर आदल्या दिवशी ताणून पाहता येतात. अडेल ते गाड्यांपाशीच. बैलगाड्याच आता कमी झाल्या. ट्रॅक्टर आल्यापासून बारा गाड्या जमवायच्या तर शेजारच्या दोन-तीन गावांत निरोप धाडावे लागतात. आलेल्या गाड्यांत एखादी लोखंडी धावेची, बाकीच्या रबरी टायरच्या, एकीची आस उंच, दुसरीची खाली. रबरी चाक हलकं पळतं, धावेचं अडतं. दोन्ही एका माळेत आली की उतारावर मागची पुढचीवर चढायला बघते. मोगरी शेवटच्या गाडीला लावली तर सगळा ताण दोरांवर येतो, ते कच्चे असले तर तुटतात. पहिलीला लावली तर मागच्या अकरा तिच्या अंगावर येतात. प्रत्येक गाडीला दोन माणसं दिली तर चोवीस मोगरीवाले हवेत आणि चोवीस जणांनी एकाच हाकेसरशी वाकायला हवं. याला सराव लागेल, आणि बगल्यांना असतो तसा मान द्यावा लागेल, नाहीतर तापलेल्या रस्त्यावर चाकापुढं वाकायला उभा राहणार कोण?